दादाच्या कुंपणाचं अर्थिंग

गुरांच्या कुंपणाला झटका येत नाही असा वहिनीचा निरोप आला आणि मी भर दुपारी हत्यारांची पिशवी घेऊन दादाच्या कुरणावर गेलो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय मी काढत नाही.

दोष काय असणार ते मला निघण्याआधीच ठाऊक होतं. झटका देणाऱ्या मशीनची वीज तारेतून जनावराच्या अंगात, तिथून जमिनीत आणि अर्थिंगच्या सळईवाटे परत मशीनकडे पोचली, तरच झटका बसतो. दादाने कोरड्या मुरमात हातभर सळई ठोकली होती. गेल्या वर्षी त्याने तीन दिवस रोज फोन केला, गायी रस्त्यावर जातात, येऊन बघ. वाटणीवरून आमचं बिनसलं होतं. मी म्हटलं, बघू. चौथ्या दिवशी त्याने वैतागून मशीन बाजूला ठेवलं आणि घरातली वीज सरळ तारेत सोडली. वहिनीला तो तारेला चिकटलेला सापडला. माझं काम अर्ध्या तासाचं होतं.

वहिनी फाटकाशीच उभी होती. "परवा एक गाय ट्रकखाली गेली, भावजी. आता आणखी एक गेली तर सगळं विकून टाकणार."

"आज करून देतो, वहिनी."

"हो. आता तुम्हाला वेळ आहे."

मशीन सोडवून पिशवीत टाकलं, आत शिरलो आणि पुरुषभर लांबीच्या तीन सळया ठोकल्या. भोवती पाणी ओतलं, तिन्ही एकमेकींना जोडून त्यांची वायर खांबापर्यंत आणली. वारा पडला होता. ओल्या मातीतून केस जळल्याचा वास येऊ लागला.

मग तारेत टक्... टक्... सुरू झालं. मशीन तर माझ्या पिशवीत होतं. मीटर लावला, शून्य. तेवढ्यात गायी उठल्या आणि तारेला अंग घासत, तिला दाबत, एकेक करून बाहेर पडल्या. त्यांना वळवायला धावलो, तारेला बोट लागलं आणि मी पाठीवर आपटलो.

"वहिनी... तारेत वीज..."

ती सावकाश आली. उघड्या तळव्याने तिने तार जमिनीपर्यंत दाबून धरली. "मला काही होत नाही. या बाहेर."

"पण हा आवाज..."

"रोज दुपारी असतो. आजवर नुसता आवाज होता..." तिने माझ्या सळयांकडे पाहिलं. "तुमच्यापर्यंत पोचत नव्हतं."

महिन्याभरात तिने गायी विकल्या. मी कुंपणाची कामं सोडली. पण अंगणात कपडे वाळत घालायची दोरी आहे, सुताची, कोरडी. सुतातून वीज जात नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? तळहातावरचा हा भाजल्याचा डाग बघा. काल टॉवेल काढताना पडलाय.