मुकी नळी

पाडलेल्या जुन्या चर्चचा ऑर्गन शाळेच्या सभागृहात पुन्हा जुळवला होता. त्याच्या दर नळीतून एक सूर निघायचा, आणि सकाळी त्यातली एक नळी जागेवर नव्हती. संध्याकाळी शाळेचे विश्वस्त तो ऐकणार होते. एक सूर जरी मुका राहिला, तरी ऑर्गन भंगारात काढायला ते टपलेलेच होते. त्याची जुळणी करणाऱ्या पोरीची दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

गुप्तहेर वहिनी शिडीवर चढल्या. शिडी धरली त्यांच्या दिराने, भाऊजींनी. नाव नेहमी वहिनींचं व्हायचं आणि भाऊजी आतल्या आत जळायचे. आज चोर आपणच पकडायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

"पुढच्या दोन नळ्या काढल्याशिवाय ती निघत नाही," पोरगी म्हणाली. "त्या परत बसवल्यात, पण अदलाबदल करून. इथे डावीकडे उंच नळी वरच्या तुळईला घासते, म्हणून मी ती उजवीकडे घेतली होती."

चकचकीत नळ्यांवर बोटाचा एकही ठसा नव्हता.

पोरीशिवाय सभागृहाची किल्ली तिघांकडे होती: ऑर्गन वाजवणाऱ्या वादकबाई, सुतार आणि पोरीचे बाबा. वादकबाईंनी बोलता बोलता एक नळी उचलली.

"अहो, फडक्याने धरा!" पोरगी ओरडली. "हाताच्या उबेने सूर चढतो."

"अगं बाई! मला काय ठाऊक?"

सुतार गुरकावला, "ऑर्गन जुळवायचं हे काम मला हवं होतं, खोटं कशाला बोलू? पण मी गावात आलो तीन वर्षांपूर्वी. चर्च पाडून वीस वर्षं झाली."

पोरीचे बाबा म्हणाले, "चाळीस वर्षं तिथे सूर मीच लावले. मी कशाला माझाच ऑर्गन बिघडवू?"

भाऊजींनी सुताराकडे बोट दाखवलं. "हाच! काम हुकलं म्हणून जळला!"

"कारण बरोबर, भाऊजी. माणूस चुकला," वहिनी म्हणाल्या. भाऊजींचं तोंड पडलं.

"ठसे नाहीत, म्हणजे नळ्या फडक्याने धरल्या. वादकबाई सुटल्या. पण घाईत चोराच्या हाताने त्या आपल्या सवयीच्या जागी बसवल्या. बाबा, जुन्या चर्चमध्ये उंच नळी कुठे असायची?"

"डावीकडे," बाबा पुटपुटले.

"सुताराने ते चर्च पाहिलेलंच नाही. ती सवय फक्त तुमच्या हाताला आहे."

बाबांनी पिशवीतून नळी काढली. "काल दाराबाहेर उभा राहून ऐकलं. चाळीस वर्षांत माझ्या हातून असा सूर लागला नाही गं. मला बघवलं नाही."

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग हे मला सांगायचं होतं ना, बाबा. दोन वर्षं एवढंच ऐकायला तर मी राबले."