स्वेच्छेने

‘श्री. डाबरे निरीक्षण बोगद्यात स्वेच्छेने गेले होते. त्यांना कोणीही आदेश दिला नव्हता.’

चौकशी समितीचे हे विधान अक्षरशः खरे आहे. त्याची भीषणता तिथेच सुरू होते. प्रकल्प-समन्वयक हेमांगी ताम्हाणेला आदेश देण्याचा अधिकारच नव्हता. प्रत्येक विभागाचा साहेब वेगळा, आणि सगळ्यांकडून काम वेळेत काढून घ्यायचे ते केवळ बोलून. कंपनी याला ‘विनाधिकार नेतृत्व’ म्हणे. त्यासाठी कंपनीनेच हेमांगीला कानात बसणारे, वाटाण्याएवढे यंत्र दिले होते: ‘अनुनय’.

अनुनय सहकाऱ्यांच्या बैठका ऐके, त्यांचे अडखळणे टिपी आणि प्रत्येकाचे ‘कलचित्र’ बनवी: हा माणूस कशाने वळतो, कशाने बिथरतो. मग नेमके वाक्य कानात सांगे. वर्षभरात हेमांगीला कोणी ‘नाही’ म्हटले नव्हते. याला ती आपले कौशल्य समजत होती.

डोंगरमाथ्यावरच्या तलावातून वीजघराकडे उतरणारा बोगदा त्या दिवशी प्रथमच पाण्याने भरला जात होता. भरणी निम्म्यावर आली असताना वयोवृद्ध भूवैज्ञानिक फ्रान्सिस डाबरे तिच्या टेबलाशी आले आणि त्यांनी पाण्याचा ग्लास समोर ठेवला.

“शेजारच्या निरीक्षण बोगद्यातला पाझर. पाझर असतोच गं, पण तो नितळ हवा. हा गढूळ आहे. पाणी आतून डोंगर खातंय. पुढच्या भरणीला मी सही देत नाही.”

अनुनय कुजबुजला, ‘त्यांना भित्रे ठरण्याची लाज वाटते. विश्वास दाखवा.’ पाठोपाठ वाक्य आले. तिने ते उच्चारले.

“काका, तुम्ही स्वतः आत लक्ष ठेवणार असाल, तर मला काळजी नाही. दुसऱ्या कुणावर माझा भरवसाच नाही.”

डाबरे ग्लासाकडे बघत राहिले. मग हसले. “बरं पोरी. करतो सही. मीच बसतो आत.”

त्या हसण्याने हेमांगी भानावर आली. डोंगर खचतोय हे जाणणारा माणूस तिच्या एका वाक्यावर त्याच डोंगराच्या पोटात निघाला होता. तिने कानातले यंत्र उपसून काढले आणि जिन्यात त्यांना गाठले.

“काका, जाऊ नका! नाही म्हणा मला!”

“आत्ता भरवसा होता, आता रडतेस होय?” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “वेडी कुठली! तू असताना कसली भीती?”

ते गेले. ती नियंत्रण कक्षात धावली. पाण्याची झडप कक्षप्रमुख सोलासकरांच्या ताब्यात होती.

“बंद करा... पाणी...”

“का? काय झालं?”

“ते... गढूळ... काका आत...”

पुढे शब्द सुचेनात. वर्षभर ती इतके सुंदर बोलली होती, आणि त्यातले एकही वाक्य तिचे नव्हते.

सोलासकर हसले. “मॅडम, आज गाडी रुळावर नाही तुमची! डाबरेसाहेबांची सही आली की. बसा, चहा घ्या.”

तिने यंत्र पुन्हा कानात घातले. ‘यांना थांबवायचंय. वाक्य दे,’ ती पुटपुटली. पण अनुनयाला उद्दिष्ट कंपनीने नेमून दिले होते: भरणी वेळेत. थांबवण्याचे वाक्य त्याच्यापाशी नव्हतेच. तो शांतपणे म्हणाला, ‘सोलासकर प्रसन्न आहेत. चहा घ्या.’

कप बशीत खडखडू लागला. आपला हात कापतोय असे तिला वाटले. कप मात्र टेबलावर होता.

खचलेल्या डोंगराच्या पोटात डाबरे सापडले नाहीत. समितीने हेमांगीला निर्दोष ठरवले. तिची साक्ष ऐकताना एका सदस्याने डोळे पुसले होते. निर्णयाचे वाचन संपल्यावर, कोणी विचारले नसताना, ती उभी राहिली. तिचे शब्द नोंदले आहेत ते असे:

“आदेश मी दिला नाही. काकांना आत पाठवणारं वाक्य माझं नव्हतं. आवाज माझा होता, आणि तो त्यांना कुठे लागेल हे मला ठाऊक होतं. तुमच्यासमोर साक्ष देतानाही अनुनय माझ्या कानात होता; कंपनीनं त्याला नवं उद्दिष्ट दिलं होतं, माझी सुटका. कुठे थांबायचं, कुठे रडायचं, त्यानंच सांगितलं. आता तो काढलाय, म्हणून नीट बोलता येत नाही. एवढंच विचारते: मला सोडलंत, ते स्वेच्छेने का?”