साक्षीच्या पिंजऱ्यात दोघं

न्यायाधीशमहाराज, खरे आरोपी तुम्ही आहात! लग्न मोडलेल्या मुलीला पिंजऱ्यात उभं करता, तिच्या जखमेवर लोकांना हसवता, आणि वर त्याला करमणूक म्हणता. लाज कशी वाटत नाही?

महाराज म्हणजे नाटक कंपनीचे मालक. नाटक त्यांनीच लिहिलेलं, न्यायाधीशही तेच व्हायचे. ठरलेलं लग्न मोडलं म्हणून एक मुलगी नुकसानभरपाईचा दावा लावते, एवढीच गोष्ट. त्या मुलीचं काम करणारीला सगळे 'वादी' म्हणत. तिचं स्वतःचं लग्नही असंच मोडलेलं, पत्रिका वाटून झाल्यावर. मालकांना हे पक्कं ठाऊक होतं. "चला, रडायला शिकवायला नको," एवढंच म्हणाले.

पहिल्या तालमीला ती पिंजऱ्यात चढली आणि तिचा पाय कशावर तरी पडला.

"आई गं!" पिंजरा कळवळला.

वाकून बघते तर काय, फळीआड गुडघे पोटाशी घेऊन एक तरुण बसलेला. मांडीवर संहिता, हातात इवलीशी बॅटरी.

"तू कोण रे?"

"प्रॉम्प्टर. विंगेतून बोललो तर पहिल्या रांगेला ऐकू जातं, म्हणून मालकांनी इथे कोंबलंय."

"लागलं का फार?"

"हात गेला कामातून. पण... पाऊल हलकं आहे हं तुमचं."

"तोंड सांभाळ. दुसरा हात अजून शाबूत आहे!"

त्याला सगळे पुटपुट्या म्हणत.

मग प्रयोग सुरू झाले. समोर दिव्यांचं पिवळसर धुकं, ओल्या रंगाचा आणि पावडरीचा वास, आणि पायांशी तो आवाज... पिसासारखा, हळूच वाक्य पुढे सरकवणारा. तिला सगळं तोंडपाठ होतं. तरी ती मधूनच अडखळायची. उगीचच.

"हे वाक्य काल येत होतं की," तो खालून कुजबुजायचा.

"काल येत होतं."

फक्त एक वाक्य तिच्या घशात खरंच अडकायचं. नाटकात वकील झालेले, कंपनीतले काका डोळे मिचकावत विचारत, "दुसऱ्या कुणी मागणी घातली का तुम्हाला?" आणि तिनं म्हणायचं, "नाही. मला आता कोण विचारणार?" की सगळं नाट्यगृह खदखदून हसायचं.

"अगं, हसतात ते वादीला, तुला नाही," कंपनीचे कपडे शिवणारी आत्या समजूत घाली.

"आत्या, वादीचे कपडे उतरवले की आत मीच उरते."

एका संध्याकाळी पडदा वर जायच्या आधी ती पिंजऱ्याशी टेकून म्हणाली, "आजचा प्रयोग शेवटचा. ते वाक्य नाही म्हणवत आता. सोडते हे काम."

त्यानं संहिता मिटली. मग म्हणाला, "त्या वाक्याला तुम्ही पायाचा अंगठा मुडपता."

"तेवढं बरं दिसतं तुला! दुसऱ्यांची वाक्यं भराभर देतोस. तुझं स्वतःचं एखादं आहे की नाही?"

"आहे ना... पण तिथे मला कोण प्रॉम्प्ट करणार?"

तिला हसू आलं. डोळेही भरून आले. तेवढ्यात घंटा झाली.

काकांनी तोच मागणीचा प्रश्न विचारला. तिचा अंगठा मुडपला, आवाज फुटेना. लोक वाट बघत होते, काहींचे ओठ आधीच हसायला लागलेले. खाली बॅटरी विझली. अंधारातून एकच अक्षर आलं —

"हो."

खालून येईल ते बोलायचं, ही तिची सवय. ती बोलून गेली, "हो."

कुणी हसलं नाही. हे वाक्य नाटकात नव्हतंच! पण काका मुरलेले नट. त्यांनी लगेच बोट नाचवलं. "हो? मग नुकसान कसलं, महाराज? दावा फेटाळा!"

"नीट आठवा, बाई..." मालकांनी हातोडा आपटला, दात-ओठ खात.

तिनं खाली पाहिलं. गुडघ्यांत खुपसलेलं डोकं, आणि लालबुंद झालेले दोन कान.

"दावा घाला चुलीत, महाराज!" ती म्हणाली. मग भरल्या नाट्यगृहादेखत पिंजऱ्यात वाकली. "आणि तू रे, पुटपुटू नकोस. उभा राहा. हसणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाऊ दे... विचारतोस मला, की नाही? बोल!"