बाहेरची कडी, भाग सहा

आमच्या वस्तीवर दिवाळी झाली की कुलपं लागतात. शिरूर कासारच्या अलीकडं, पाझर तलावाच्या वरच्या अंगाला आमची सतरा घरं. ट्रॅक्टरमध्ये संसार भरून माणसं ऊसतोडीला जातात, ती गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. जो मागं राहतो त्याच्याकडं सगळे आपापल्या चाव्या देऊन जातात. या वर्षी मी मागं राहिले, म्हणून पंधरा चाव्या माझ्या भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेल्या होत्या. दुसरं उघडं घर कौशल्याबाईचं. म्हातारी शेळ्या राखते. सकाळी डोंगराला गेली की दिवस कलल्यावर येते. मधल्या वेळेत वस्तीवर मी आणि माझी लेक संस्कृती, एवढ्या दोघीच.

संस्कृती तेव्हा आठ महिन्यांची होती आणि वजन साडेपाच किलो. अंगणवाडीताईंनी कार्डावर ठिपका दिला तो लाल पट्ट्यात पडला. मला दूध कमी. वरचं पाजलं की ओकायची, कौशल्याबाईच्या शेळीचं तेवढं घोट-दोन घोट टिकायचं. थंडीत उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत हे लेकरू टिकायचं नाही, असं सासूच म्हणाली. मग मालक, सासू, सासरे गेले आणि आम्ही राहिलो. मी सातवी शिकलेली आहे, वजनाचा आकडा मला वाचता येतो. रात्री चार-चार वेळा उठून मी तिच्या नाकाखाली बोट धरायचे. हे आधी सांगते, कारण पुढं मी जे केलं ते तिच्याच काळजीनं केलं.

आता सिनेमाचं. माझ्या मालकांना, अंगदला, भुताच्या सिनेमाचा नाद. त्यातही एकाच सिनेमाचा, ‘बाहेरची कडी’. त्याचे भागावर भाग निघत गेले. गोष्ट दरवेळी तीच असते. बंद घरात एक बाई असते, ती मेलेली. घराला बाहेरून कडी असते. बाई आपल्या मनानं बाहेर येऊ शकत नाही. कुणीतरी जित्या माणसानं आपल्या हातानं कडी काढावी लागते. आणि दर भागात कुणीतरी काढतंच.

लग्न झालं त्या वर्षी पहिला भाग आम्ही शेजारी त्रिंबकभाऊंच्या टीव्हीवर बघितला. त्यांची आणि आमची भिंत एकच. त्यांची बायको मोहिनी माझ्याच वयाची. मी पदर तोंडावर घेऊन बसले होते आणि ती हसत होती. म्हणाली, “अगं, तिला कुणीतरी बाहेर काढा की बाई. बसलीय बिचारी आत.” पुढचे भाग आले तसे आम्ही तिथंच बघितले. पाचवा अर्धा राहिला, कारण मोहिनीच्या पोटात दुखायला लागलं. बाळ मेलेलंच जन्मलं. पाचव्या दिवशी ती पण गेली, त्याच घरात. त्या पाच दिवसांत तिला पान्हा फुटलेला. चोळी भिजायची. मी जवळ होते म्हणून मला माहीत.

त्याला दोन वर्षं झाली. त्रिंबकभाऊ आता भावासोबत कोयता धरतात, आमच्याच टोळीत आहेत.

तर या हंगामात अंगदनं फोनवरून टूम काढली. दुपारी गाडी भरायला वेळ असला की तो तिकडं फडावर बघणार, मी इकडं बघणार, आणि संध्याकाळी फोनवर बोलायचं. तेवढीच आमची संगत. पण कुठला भाग कुठं लागतो ते हुडकायचं काम माझ्याकडं. पहिला भाग फुकट मिळाला, मात्र दर दहा मिनिटाला साबणाची जाहिरात. दुसरा आणि तिसरा रिचार्जसोबत येणाऱ्या ॲपवर. चौथा भलत्याच ठिकाणी आणि नुसता हिंदीत. पाचवा त्रिंबकभाऊ पैसे भरतात त्या ॲपवर होता. त्यांनी जाताना नंबर आणि पासवर्ड मला लिहून दिलेला. म्हणाले, “बघा वहिनी, माझा टीव्ही तर बंदच ऱ्हानार हाय.” सहावा कुठं आहे ते काही केल्या सापडत नव्हतं.

त्या दिवशी पौषातलं ऊन होतं. होले घुमत होते आणि पत्रा तापून मधूनच कडकन वाजत होता. संस्कृतीला झोळीत टाकलं. काम करायचं असलं की मी मोबाईल फडक्यात गुंडाळून झोळीच्या दोरीला बांधते आणि अंगाई लावून ठेवते. त्या दिवशी तो हातातच होता. त्रिंबकभाऊंचं ॲप उघडलं तर सहावा भाग तिथंच दिसला. आदल्या दिवशी नव्हता.

ॲपनं विचारलं, कोण बघतंय? खाली दोन गोल होते. त्रिंबक आणि मोहिनी. त्यांनी ते नाव पुसलं नव्हतं, माणसाच्यानं पुसवत नाही. मी त्रिंबकच्या नावावर दाबलं आणि सहावा भाग लावला, तर लागेना. खाली लिहून आलं की एका वेळी दोनच ठिकाणी बघता येतं. आता चालू आहे, त्रिंबकचा मोबाईल. टीव्ही.

मी अंगदला फोन लावला. तो म्हणाला, “आमी सगळे त्रिंबकच्या मोबाईलवर पाचवा बघायलोत. थांब, त्यालाच देतो.”

त्रिंबकभाऊ हसले. “वहिनी, टीव्हीला गोधडी पांघरून आलोय. मीटरचा फ्यूज काढून माज्या पेटीत ठिवलाय. आमचा टीव्ही काय भूत बघतंय का?”

मागं माणसं हसल्याचं ऐकू आलं. मी पण हसले.

फोन ठेवून पुन्हा बघितलं. मोहिनीच्या गोलावर दाबलं. ‘पुढं बघा’ म्हणून जी ओळ असते, तिथं पाचवा भाग नव्हता. सहावा होता. त्याच्याखाली लाल रेघ, पाव भाग भरलेली. चूल सारवून आले तर निम्मी झाली होती.

तेव्हा मला एक गोष्ट आठवली. आठ-दहा दिवसांपासून संस्कृती रोज याच वेळेला झोळीत जागी व्हायची. रडायची नाही. त्रिंबकभाऊंच्या भिंतीकडं मान वळवून बघत राहायची आणि जीभ ओठांवरून फिरवायची. कौशल्याबाईला सांगितलं तर म्हणाली, लेकरं बघत्यात असंच. आणि चाव्यांकडं बघून म्हणाली, “चावी जपायची आसती पोरी, लावायची न्हाई. ज्याचं घर त्यानंच उघडावं.”

पण मला भूत नव्हतं दिसत, मला आग दिसत होती. टीव्ही चालू आहे म्हणजे कुठंतरी करंट आहे. त्यांच्या घरात कडबा रचलेला, भिंत एक, पत्रा एक, आणि भिंतीच्या अल्याड माझं लेकरू झोळीत. कौशल्याबाई यायला तीन तास होते. मी अंगाई लावली, मोबाईल झोळीला बांधला, खिळ्यावरची सातवी, त्रिंबकभाऊंची चावी घेतली.

कुलूप गंजलं होतं, तरी एकदाच फिरवल्यावर निघालं. कडी मी काढली. माझ्याच हातानं.

आत काळोख. उजेड दारातून आला तेवढाच. मीटरपाशी बघितलं, फ्यूजची जागा रिकामी. टीव्हीची पिन भिंतीशी नुसती लोंबत होती. दोन महिने बंद असलेल्या घराला धुळीचा, उंदरांचा वास यायला पाहिजे. तिथं धुरीचा वास होता… ओवा आणि वावडिंग निखाऱ्यावर टाकून बाळंतिणीला देतात, ती धुरी. ताजी. वर आढ्याला झोळीची कडी होती, मोहिनीनं सातव्या महिन्यातच हौसेनं ठोकून घेतलेली. तिच्यावर गंज नव्हता. रोज दोरी घासली की लोखंड चमकतं, तशी चमकत होती.

मी गोधडी थोडी उचलली. टीव्ही बंद होता. काचेवर हात ठेवला… काच गरम होती. भाकरी करून तवा उतरवला आणि थोड्या वेळानं हात लावला, तर लागतो तेवढी.

मी पळाले नाही. गोधडी नीट केली, बाहेर आले, कुलूप लावलं. कुलूप लावताना पाठीमागून कुणी जवळून गेलं की लुगड्याची किनार हलते, तशी माझी हलली. वारा नव्हता.

घरात आले तर अंगाई थांबली होती. संस्कृती झोपली होती, तोंड अर्धवट उघडं. मी नाकाखाली बोट धरलं. श्वास नीट होता. मोबाईलवर लिहिलेलं, आता चालू आहे, हा मोबाईल. टीव्हीचं नाव गेलं होतं. मोहिनीच्या ओळीत सहावा भाग पुरा झाला होता.

कौशल्याबाई संध्याकाळी आली. तिनं खिळ्यांकडं बघितलं. सातवी चावी मी उलटी टांगली होती. तिनं ती सरळ केली. शेळीचं तांब्याभर दूध आणायची, ते त्या दिवसापासून आणायचं बंद केलं. मी विचारलं तर म्हणाली, “तुज्या लेकराला आता लागायचं न्हाई.”

खरंच लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून संस्कृती दुपारी माझ्याकडं येईना. छातीशी धरलं की तोंड फिरवायची, पोट भरलेलं लेकरू फिरवतं तसं. झोळीत टाकली की आता भिंतीकडं बघत नाही. आमच्या दाराकडं बघते आणि दोन्ही हात वर करते. महिन्यानं ताईंनी काटा लावला, सहा किलो सातशे. ठिपका लाल पट्ट्यातून वर आला. ताईंनी विचारलं, “काय चारतीस गं बबिता?” मी म्हणाले, नाचणी.

अंगदला फोनवर वजन सांगितलं, तर त्यानं आकडा दोनदा विचारला. म्हणाला, तू मागं राहिलीस म्हणून लेकरू वाचलं. कुलूप दुसरं आणावं, कौशल्याबाईकडून काही उतरवून घ्यावं, असं रोज ठरवते. मग काट्यावरचा आकडा आठवतो आणि दुपार झाली की झोळी बांधते, आणि तलावावर पाण्याला जाते. घागर एकच भरायची असली तरी वेळ लावते.

काल अंगदनं विचारलं, “सातवा कुठं हाय गं? इथली पोरं म्हनत्यात अजून निघालाच न्हाई. शूटिंग चालूय म्हनं.”

मी ॲप उघडून बघितलं. मोहिनीच्या ओळीत सातवा होता. लाल रेघ निम्म्याच्या पुढं गेली होती.

“कुठंच न्हाई,” मी म्हणाले.

झोळीत संस्कृतीनं ढेकर दिला. मी वाकून तिची हनुवटी पुसली. पदराला दूध लागलं, घट्ट आणि कोमट. मी सकाळपासून तिला पाजलं नव्हतं.