मागचं डावं चाक

गुणाजी मिस्त्रीने मोटारीची मागची बाजू जॅकवर उचलली, डावं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं आणि माझ्याकडे पाहिलं. चाक पडायला आलेल्या दातासारखं हलत होतं.

"बेरिंग गेलंय. एक्सलपण झिजलाय," तो म्हणाला. "शिवडीपर्यंत जा, दादरपर्यंत जा. घाटात नका नेऊ, डॉक्टरीणबाय."

डॉक्टरीणबाई म्हणजे माझी थोरली बहीण सरोजिनी. आम्ही राहायला गिरगावात, ठाकूरद्वारला. पण ताईने दवाखाना थाटला होता लालबागला, गिरणीकामगारांच्या चाळीत, तळमजल्यावर. गुणाजीचं गॅरेज त्याच गल्लीत. मी माटुंग्याला यंत्रशास्त्र शिकवत होतो. ताईला माझं मत हवं होतं, म्हणून मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

सत्तावन्नचा नोव्हेंबर संपत आला होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी प्रतापगडावर मोर्चा निघणार होता. लॉऱ्या भरभरून माणसं जायची होती आणि त्या गर्दीसाठी प्रथमोपचाराचा एक तंबू ताईने अंगावर घेतला होता. औषधं, इंजेक्शनं, पट्ट्या, सगळं आमच्या वडिलांच्या लढाईपूर्वीच्या मोटारीतून न्यायचं होतं. नवा एक्सल मिळायला महिना लागणार होता.

"मिस्त्री म्हणतो ते बरोबर आहे का रे, चिंतू?"

"अगदी बरोबर. एक्सलचा दांडा तुटला की चाक निखळणार. आणि घाटात एका अंगाला दरी असते."

"हळू नेली तर?"

"तर हळू तुटेल."

ती हसली. "मग तू शेजारी बस आणि आवाज ऐकत राहा. तू म्हणशील तिथे थांबवीन."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे. ज्या दिवशी लालबागमध्ये गोळ्या चालल्या, त्या दिवशी सगळ्या गल्लीने दारं लावून घेतली होती, तेव्हा हिने दवाखान्याची दोन्ही दारं सताड उघडी टाकली होती. रस्त्यावरून उचलून आणलेली माणसं तिने एकटीने हाताळली. त्यात गणपत होता. कॉटन ग्रीनच्या गोदामात कापसाच्या गाठी पाठीवरून वाहणारा, मालवणकडचा उंच माणूस. त्याने ताईच्या हातांतच प्राण सोडला. त्याची बायको गंगुबाई पुढे दवाखान्यातच कामाला लागली. आमच्याबरोबर तीही येणार होती. "त्यांनी एक मोर्चा चुकवल्यानी नाय कधी," एवढंच ती म्हणाली, आणि मागे डाव्या बाजूला, खोक्यांना टेकून बसली.

पहाटे निघालो. ठाण्यापर्यंत चाक नुसतं कुरकुरत होतं. मुंब्र्याची खिंड ओलांडली तसा घरघराट सुरू झाला. पनवेलनंतर तो पायाखालच्या पत्र्यातून माझ्या तळव्यांपर्यंत पोचला. मी प्रत्येक थांब्याला उतरून चाकाच्या मधल्या तुंब्यावर हात ठेवत होतो. कोलाडला हात ठेववेना. महाडला त्यावर पाणी ओतलं तर चर्र आवाज होऊन वाफ उठली.

"अजून?" ताईने विचारलं.

"अजून आहे. पण फार नाही."

पोलादपूर सोडलं आणि घाट लागला. मोटार वळणामागून वळण चढू लागली. डाव्या हाताला दरी, तिच्या तळाशी ऊन न पोचलेलं रान. तिथे एका चढावर मागून कडाड असा आवाज आला. जाड फांदी मोडावी तसा.

ताईने ब्रेक दाबला. मी मोटार कलंडायची वाट पाहिली.

ती कलंडली नाही.

उतरून पाहिलं. चाक जागच्या जागी, सरळ उभं. तुंब्यावर हात ठेवला. तो गार होता. विहिरीतून नुकत्याच काढलेल्या कळशीसारखा गार. उजवीकडचा मात्र चांगला तापला होता.

"चल," मी म्हणालो, कारण दुसरं काय म्हणावं ते सुचेना.

मोटार निघाली. घरघराट नव्हता. कुरकुरही नव्हती. झिजलेलं बेरिंग बरं होत नाही, हे मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आलो होतो. आणि दांडा तुटला असता तर इंजिन नुसतंच घुमलं असतं, मोटार तसूभर पुढे सरकली नसती. आम्ही चढत होतो. मागची डावी बाजू तर किंचित वर उचलल्यासारखी वाटत होती. मांडीवरचा थर्मास सारखा माझ्या उजवीकडे घसरत होता.

पुढे एका वळणावर लॉऱ्यांना वाट द्यायला थांबावं लागलं. लॉऱ्यांतून घोषणा होत होत्या, झेंडे फडफडत होते. ताईने हात हलवला, गंगुबाईने पदर सावरून हात जोडले. लॉऱ्या गेल्या. मी पाय मोकळे करायला उतरलो आणि मागे चालत गेलो.

आम्ही कडेच्या मातीवरून आलो होतो. तिथे लॉऱ्यांची चाकं लागली नव्हती; तांबडी धूळ पिठासारखी मऊ होती. वळणावर मागच्या चाकांच्या रेघा पुढच्या चाकांपासून सुट्या पडतात. चार रेघा दिसायला हव्या होत्या.

तीनच होत्या.

चौथीच्या जागी अनवाणी पावलं होती. मोठी, रुंद, बोटं फाकलेली. पंजे धुळीत खोल रुतलेले, टाच टेकलीच नव्हती. पाठीवर ओझं घेऊन चढणाऱ्या माणसाची पावलं.

ती चाकापाशी येऊन थांबली होती.

ताई माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. तिने पाहिलं.  मग मोटारीच्या खिडकीतून गंगुबाईचा आवाज आला, घरातल्या कामाबद्दल बोलावं तितका साधा.

"बाई, जरा सावकाश हाका. दमतले ते."

ताईने डोळ्यांना पदर लावला. मग ती स्टिअरिंगमागे बसली आणि मोटार पहिल्या गिअरमध्ये टाकली. एक बैलगाडी आम्हाला मागे टाकून गेली. दर वळणानंतर ताई थांबायची. "इंजिन तापलंय," म्हणायची. काट्यावर इंजिन थंड दिसत होतं. 

मोर्चाच्या दिवशी तंबूत श्वास घ्यायला फुरसत नव्हती. चक्कर आलेली माणसं, सोललेले पाय, लॉरीतून पडलेला एक म्हातारा. ताई उभ्याउभ्या चहा पीत होती आणि टाके घालत होती. मी तिला पट्ट्या फाडून देत होतो आणि मधूनच मोटारीकडे बघत होतो. मोटारीच्या मागच्या डाव्या चाकापाशी गंगुबाईने पानाच्या द्रोणात भाकरी ठेवली होती.

परत निघताना मी म्हणालो, "ताई, आपण लॉरीने जाऊ. ही मोटार इथेच सोडू."

"त्यांनाही घरी जायचं असेल ना रे," ती म्हणाली.

उतरणीवर मी एकदाच मागे वळून पाहिलं. आता टाचा रुतत होत्या. पुन्हा पाहायचा मला धीर झाला नाही. पण खरं सांगतो, इतकं सांभाळून मला आजवर कोणी नेलं नव्हतं. खड्ड्याखड्ड्याला तीन चाकं आदळत होती आणि चौथा कोपरा अलगद खाली येत होता.

दिवेलागणीला लालबागेत शिरलो. ताईने चाळीसमोर मोटार उभी केली. गुणाजी हात पुसत गॅरेजमधून धावत आला.

"आलात? नीट आलात?" त्याने वाकून चाकामागे पाहिलं. बोटाने काहीतरी चाचपलं. मग तो हळूहळू उभा राहिला. "डॉक्टरीणबाय, दांडा तुटून दोन तुकडे झालेत. चाक नुसतं अडकलंय. तुम्ही आणलीत कशी?"

 गंगुबाई उतरली. पदर डोक्यावरून पुढे ओढून ती मागच्या डाव्या कोपऱ्यापाशी गेली आणि मान खाली घालून हलक्या आवाजात म्हणाली,

"इलंव आपण. आता ठेवा खाली."

मोटारीचा कोपरा खाली आला. धाडकन नाही. सावकाश, तोल सांभाळत. चाक कलंडून गटाराच्या कडेला जाऊन पडलं.

गुणाजी दोन पावलं मागे सरला.

गंगुबाई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पितळेचं घंगाळ होतं, कढत पाण्याचं. तिने ते जमिनीवर ठेवलं, शेजारी धुतलेला पंचा ठेवला, आणि पाठ फिरवून उभी राहिली. तशी ताईही वळली. मीही वळलो. हमरस्त्यावरून एक ट्राम घंटा वाजवत परळकडे गेली.

ती गेल्यावर मी पाहिलं. पंचा ओला होता. घंगाळातलं पाणी घाटातल्या मातीसारखं तांबडं झालं होतं, आणि अजून हलत होतं.