पाचवा ठिपका

गाड्यांचे पोचे काढणाऱ्या डेंटरच्या स्वतःच्याच गाडीवर पोचा दिसला की गिऱ्हाईक आल्या पावली परत जातं, असं त्याचं ठाम मत होतं. त्यामुळे मंगळवारी दुपारी लेकीनं पिकअप आवारात आणून उभी केली, आणि डावं मडगार्ड आत दबलेलं, हेडलाइट फुटून वायरीला लोंबत असलेला त्यानं पाहिला, तेव्हा त्यानं आधी रस्त्यावरून कुणी बघतंय का ते पाहिलं आणि मगच आवाज चढवला.

"आता काय आडवं आलं?"

"टाकीचा खांब," लेक खाली बघत म्हणाली.

"खांब चालत आला?"

"नाही ना, बाबा. वळताना रेडिओचं बटण जरा फिरवायला गेले..."

"मग रेडिओलाच लायसन्स काढून देऊया. तू बस मागे, हौद्यात."

लेकीला सगळे भिंगरी म्हणायचे. लायसन्स मिळून चार महिने झाले होते आणि तेवढ्यात तिनं तेच मडगार्ड तिसऱ्यांदा ठोकलं होतं. पहिल्या दोन वेळी स्वतःच्याच घराच्या फाटकाचा खांब होता. गाडीही काही नवी नव्हे. चोवीस वर्षांची, कंपनीनं कधीच बंद केलेली. आठ वर्षांपूर्वी त्यानं ती घेतली तेव्हापासून घरात तिचं नाव म्हातारी. बायको म्हणायची, माझ्यापेक्षा तिची तब्येत जास्त जपता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं शेडखाली काम काढलं. बाहेरून लोखंडी ठोकळा धरायचा, आतून हातोडीनं पत्रा हळूहळू बोलता करायचा. तो डावखुरा, त्यामुळे त्याचे घाव आतल्या बाजूला एकाच दिशेनं किंचित कलते पडायचे. भिंगरी दिवा धरून उभी होती. चूक केली की ती भलतीच कामसू व्हायची. पत्रा सरळ झाला, पुटी घासून झाली, प्रायमर मारायच्या आधी त्यानं कपाटातून पत्र्याची छोटी पेटी काढली आणि फडक्यात गुंडाळलेला, खूण उमटवायचा टोकदार पंच बाहेर घेतला.

हा पंच त्याच्या उस्तादाचा. दुरुस्त केलेल्या पत्र्याच्या आतल्या, दुमडलेल्या कडेवर एक ठिपका मारून ठेवायचा, ही त्यांची शिकवण. बाहेरून दिसत नाही; चाकाच्या वरून हात घातला की बोटाला लागतो. एकाच जागी पत्रा किती वेळा ठोकला गेलाय हे पुढच्या वेळी कळावं, एवढाच हेतू. म्हातारीच्या या मडगार्डवर तीन ठिपके होते. गाडी घेतली तेव्हाचा एक, भिंगरीच्या कृपेनं दोन.

"मी मारू?" तिनं विचारलं.

"तू पोचे मार. ठिपके मी मारतो."

ती हसली. त्यालाही हसू आलं, पण त्यानं ते मिशीत दाबलं. हातोडीचा एकच टोला, चौथा ठिपका. आधीच्या तिन्हींच्या ओळीत, गोल, स्वच्छ.

हेडलाइटची रिंग मात्र बाजारात कुठे मिळेना. गुरुवारी सकाळी तो म्हातारी घेऊन गावाबाहेरच्या भंगाराच्या आवारात गेला. भंगारवाला जुना ओळखीचा, पोट सांभाळत खुर्चीत बसलेला.

"तुझ्यासारखीच एक आहे," तो म्हणाला. "पार मागे, भिंतीला लागून. मी हे आवार घेतलं त्याच्याही आधीपासून पडलीय. बारा वर्षं तरी झाली. बघ काय निघतंय ते."

धुलाईयंत्रांच्या टाक्या, खिडक्यांच्या जाळ्या, टायरांचे डोंगर. पायाखाली काचा करकरत होत्या आणि तापलेल्या लोखंडाचा तो कडू वास, ज्याची त्याला आयुष्यभराची सवय. भिंतीपाशी वेलींच्या जाळ्यात एक पिकअप दिसली. उजवी बाजू चपटी झालेली, स्टिअरिंग सीटच्या पाठीला टेकलेलं. तळाच्या पत्र्यातून मनगटाएवढ्या खोडाचं एक झाड वर आलं होतं आणि टपाच्या भोकातून बाहेर पडलं होतं. आत बसलेला काही वाचला नसणार, असं त्याच्या मनात आलं आणि तो पुढे झाला. अशा गाड्या त्यानं शेकड्यांनी पाहिल्या होत्या.

डावी बाजू बरी होती. रिंगही शाबूत. स्क्रू सैल करता करता दुसरा हात सवयीनं मडगार्डच्या आत गेला.

बोटाला एक ठिपका लागला. मग दुसरा. तिसरा. चौथा.

त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. उस्तादांच्या हाताखाली आणखी दोघे होते, त्यांच्यापैकी कुणाचं तरी काम असेल. होऊ शकतं. बोट पुढे सरकलं आणि पाचवा ठिपका लागला. हा ओळीत नव्हता, जरा खाली घसरलेला. आणि गोलही नव्हता. एका बाजूनं तुटका, नखाच्या चंद्रासारखी कड असलेला.

वेली बाजूला करून त्यानं आतून पत्रा पाहिला. गंजाखाली हातोडीचे घाव होते. सगळे एकाच दिशेला कललेले.

मग तो डाव्या खिडकीतून आत वाकला. समोरच्या खणाचं झाकण केसांना लावायच्या चिमट्यानं अडकवलं होतं. म्हातारीच्या खणाची कडी मोडली तेव्हा भिंगरीनं असाच चिमटा लावला होता. तो म्हणाला होता, कडी बसवतो, आणि ते राहूनच गेलं होतं. हा चिमटा गंजून पत्र्याला चिकटलेला. ड्रायव्हरची सीट पार पुढे ओढलेली होती, शेवटच्या खाचेपर्यंत. एवढ्या पुढे तो बसला तर त्याचे गुडघे डॅशबोर्डला लागले असते. इतकी पुढे सीट ओढून बसणारं एकच माणूस त्याला माहीत होतं. काल दिवा धरून त्याच्याजवळ उभं होतं तेच.

गाडीच्या सांगाड्यावर, चासीवर कोरलेला नंबर त्यानं थुंकी लावून पुसला आणि खडूनं तळहातावर उतरवून घेतला.

"मिळाली रिंग?" भंगारवाल्यानं विचारलं.

"नाही."

"अरे, तिच्यावर तर होती!"

तो थांबला नाही. घरी येईस्तोवर गाडी कशी चालवली ते त्याला आठवत नव्हतं. फाटकातून आत वळताना कर्रकन आवाज झाला. वीस वर्षांत एक ओरखडा न काढलेल्या माणसानं डावं मडगार्ड फाटकाच्या खांबाला घासून चेपवलं होतं.

भिंगरी ओसरीवरून धावत आली आणि टाळ्या पिटायला लागली. "बाबा! खांब चालत आला का?"

शेजारचा शिंपीसुद्धा हसला. एरवी बापही हसला असता. तो उतरला, तळहात म्हातारीच्या चासीवरच्या नंबराशेजारी धरून पाहिला. एकेक आकडा, दोनदा. एकही वेगळा नव्हता. मग किल्ली मुठीत घट्ट धरली.

"आजपासून गाडीला हात लावायचा नाही."

"मी?" तिचं हसू तिथल्या तिथं विझलं. "ठोकली तुम्ही आणि शिक्षा मला?"

"एकदा सांगितलं ना!"

इतक्या जोरात तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता. ती आत गेली आणि दार आपटलं.

शेडखाली जाऊन त्यानं पेटी उघडली. पंचाचं टोक उजेडात धरून सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. गोल, धड, कुठे कपची उडालेली नाही. जुन्या पत्र्याच्या तुकड्यावर एक ठिपका मारला. गोल. तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. तो पाचवा ठिपका या पंचाचा नव्हताच. आणि इथे तर चारच होते. नव्या पोच्याला हात लावला नाही, तर पाचवा येणार तरी कुठून? त्यानं पंच फडक्यात गुंडाळला, त्याच्याखाली किल्ली ठेवली आणि पेटी बंद केली. त्या पेटीला घरात दुसरं कुणी हात लावत नसे.

त्यानंतर म्हातारी शेडखाली तशीच उभी राहिली, गालावर पोचा घेऊन. दोन गिऱ्हाइकांनी चेष्टा केली. शिंप्यानं विचारलं, एखाद्या डेंटरचा पत्ता देऊ का? तो काम शोधून काढून कामात राहिला, पण हातोडी उचलली की नजर त्या मडगार्डकडे जायची.

"पोरगी तीन दिवस धड जेवली नाही," बायको म्हणाली. "तिला वाटतंय, तुमचा तिच्यावरचा विश्वासच उडाला. पोचाही मुद्दाम ठेवलात म्हणे, रोज तिच्या डोळ्यांसमोर राहावा म्हणून."

"तसं नाही गं."

"मग कसं आहे ते सांगा तिला."

काय सांगणार होता तो? भंगारात तुझी सीट पाहिली, असं? बोललं तर खरं होईल, अशी एक अडाणी भीती त्याच्या मनात बसली होती आणि तिची त्याला लाजही वाटत होती. लेक समोरून गेली की तो तिच्याकडे टक लावून बघायचा. तिला वाटायचं, अजून रागातच आहेत.

रविवारी त्यानं भंगारवाल्याला फोन केला. "ती मागची गाडी कापून टाक."

"बारा वर्षं कुणाला तिची आठवण नाही, आणि तुला आता घाई?"

"कापून टाक. तेवढं माझं एक काम कर."

"बरं बाबा. कटरवाला मंगळवारी येतोय."

मंगळवारी सकाळी तो पायीच निघाला. पोचला तोवर काम उरकलं होतं. भिंतीपाशी लोखंडाचे तुकडे रचून ठेवलेले, जळक्या रंगाचा वास आणि मधे त्या झाडाचा ओला खुंट. सीट नव्हती, स्टिअरिंग नव्हतं. गाडी अशी काही उरलीच नव्हती.

"हे तुझ्यासाठी ठेवलंय," भंगारवाला म्हणाला आणि मडगार्डच्या कडेचा वीतभर तुकडा त्याच्या हातात दिला. "त्या दिवशी तिथंच हात घालून बसला होतास ना?"

तो तुकडा त्यानं घेतला. घरी नेऊन गॅसनं वितळवायचा, म्हणजे तेवढंही शिल्लक नको. रुळांच्या कडेच्या पायवाटेनं तो परत निघाला. रस्त्यानं गेलं असतं तर वळसा पडला असता. ऊन रणरणत होतं, तरी आठवड्यात पहिल्यांदाच त्याला भूक लागली होती. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटत होतं. आज पोरीला जवळ बोलवायचं, किल्ली तिच्या हातावर ठेवायची. ओरडलो ते चुकलं म्हणायचं. बापानं असं म्हटलेलं तिला नवीनच वाटेल. त्या विचारानं त्याला एकट्याला हसू आलं.

तो फाटकातून आत आला. शेड रिकामं होतं.

बायको हात पुसत बाहेर आली. "अगंबाई, तुम्ही चालत कसे? भेटली नाही ती?"

"कोण?"

"कोण काय, भिंगरी! तुम्ही निघाल्यापासून खपत होती, तुम्ही पाठ फिरवायचीच वाट बघत होती जणू. तुमचा पोचा तिनं काढला. अगदी हुबेहूब तुमच्यासारखा. प्रायमरसुद्धा मारला."

त्यानं विचारलं, "किल्ली?"

"पेटीतच मिळाली म्हणाली. बाबांनी मुद्दामच तिथं ठेवली असणार, मी काम केलं तरच मिळावी म्हणून. किती खूश होती सांगू! एवढ्या उन्हात बाबा चालत येतील, त्यांना घेऊन येते आणि दाखवते, म्हणून मोठ्या रस्त्यानं गेली. अर्धा तास होऊन गेला."

तो शेडमधल्या टेबलाकडे चालू लागला.

"आणि हे बघा, आल्यावर तिच्यावर ओरडू नका. ती आधीच घाबरलीय. ठिपका मारायच्या आधी तुमचा तो पंच हातातून फरशीवर पडला. मग तशाच पंचानं मारला तिनं."

पंच कामाच्या टेबलावर होता. फडक्यावर नीट ठेवलेला.

त्यानं तो उचलला. टोकाची एका बाजूची बारीक कपची उडाली होती.

खिशातला तुकडा त्यानं बाहेर काढला. गंज अंगठ्यानं पुसला. चार गोल ठिपके, आणि जरा खाली घसरलेला पाचवा.

"ताट वाढू का," बायको आतून म्हणाली, "की ती आल्यावर सगळेच बसूया?"

त्यानं पंचाचं टोक पाचव्या ठिपक्यात ठेवलं आणि हलकेच फिरवलं. अर्ध्या फेऱ्यानंतर ते खटकन आत बसलं.