एकाच चकतीची दोन फाटकं

२०७१ साली वेदना सोसत बसणं जुनाट समजलं जाई. मज्जातंतूत पुंजबिंदू बसवला की काम झालं. पुंजबिंदू म्हणजे एका इलेक्ट्रॉनपुरती कोठडी. आत बसलेला इलेक्ट्रॉन दुसऱ्याला शिरू देत नाही आणि वेदनेचा संदेश तिथेच अडतो. भोवतालचं चुंबकक्षेत्र बदललं, की कोठडीतल्या ऊर्जेच्या पातळ्या सरकतात, इलेक्ट्रॉन एकेक करून पलीकडे जाऊ लागतात आणि फाटक उघडतं. कुठलं फाटक कुठल्या क्षेत्रात बंद राहील, हे बिंदूच्या आकारावर ठरतं. एकाच चकतीवर घडवलेले दोन बिंदूसुद्धा सारखे निघत नाहीत.

हृषीकेश आणि केतकी आपटे हे नवरा-बायको, दोघांनाही हाडांचा कर्करोग. "आम्हाला एकाच चकतीतले बिंदू द्या, एकाच खोलीत ठेवा," हा हृषीकेशचा हट्ट. एका खोलीत एकच चुंबक, त्यामुळे डॉ. देवस्थळींना धोका ठाऊक होता. पण असलं प्रेम जाहिरातीत छान दिसतं, म्हणून त्यांनी मान डोलावली. शस्त्रक्रिया झाली, बिंदू मोजले गेले आणि डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला.

"तीन टेस्लाच्या चुंबकक्षेत्रात काकांचं फाटक बंद होतं, मावशींचं उघडतं. चार टेस्लाला उलट."

"मधलं काहीतरी ठेवा," हृषीकेश म्हणाला.

"मग दोघांचीही उघडी."

"आळीपाळीने?"

"क्षेत्र एकदाच लावता येईल. चुंबक थंड ठेवणारं हेलियम संपत आलंय. बदलायला गेलो तर उरलेलंही उडून जाईल. दुसरा चुंबक नाही, आणि गुंगीची औषधं तुम्हाला लागू पडत नाहीत. तुम्हीच ठरवा." बाईंनी नियंत्रक दोन खाटांमधल्या टेबलावर ठेवला आणि हात झटकले. मला त्यांची चीड येते.

हृषीकेश हसला. "त्यात ठरवायचं काय? तीन लावा. केतकीची सहनशक्ती दांडगी आहे."

केतकीने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"चाळीस वर्षं सगळ्यांचं झाल्यावर मी ताट घेतलं," ती म्हणाली. "आज आधी मला वाढा."

तिने चारचं बटण दाबलं.

हृषीकेश ओरडू लागला. त्याने तिचा हात गच्च धरला, नखं रुतली, रक्त आलं. तिला काहीच दुखलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिचे डोळे जड झाले होते.

"डॉक्टर," तिने झोपाळलेल्या आवाजात विचारलं, "ह्याच्या आवाजासाठी पण काही बसवता येतं का?"